उजाडण्यापूर्वीच जागे होणारे शरीर

गोव्यात पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा पहाटे वाड्यावर ऐकू येतो, तेव्हा बहुतेक माणसे अंथरुणात असली तरी त्यांच्या शरीरात दिवसाची तयारी सुरू झालेली असते. पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली गेलेले तापमान चढू लागते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात वाढत जाते. उजेडाची वाट न पाहता होणारी ही आगाऊ तयारी हेच जैविक घड्याळाचे खरे मोल आहे.

हे घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सुमारे २०,००० चेतापेशींच्या पुंजक्यात असते. पेशीतील काही जनुके प्रथिने तयार करवतात, ती साठली की स्वतःच्याच जनुकांना थोपवतात आणि त्यांचे विघटन झाले की चक्र पुन्हा सुरू होते. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणारे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे चक्र सरासरी २४ तासांहून किंचित मोठे असल्यामुळे उजेड ते रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवून देतो.

असे घड्याळ जगण्याच्या स्पर्धेत उपयोगी पडते का, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर नीलहरित जीवाणूंनी दिले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे २३ आणि ३० तासांचे चक्र असलेले दोन वाण एकत्र वाढवले गेले. ११ तास उजेड व ११ तास अंधार असताना पहिला वाण वरचढ ठरला, तर १५-१५ तासांच्या पाळीत दुसरा. वेगवेगळे वाढवल्यास मात्र दोघांची वाढ सारखीच होती. म्हणजे लाभ केवळ घड्याळ असण्याचा नव्हता, ते बाहेरच्या दिवसाशी जुळण्याचा होता.

दुपारी दुकाने बंद ठेवून वामकुक्षी घेण्याच्या गोव्यातील रीतीला काही जण आळस म्हणतात, ते मला अन्यायाचे वाटते, कारण दुपारची सुस्ती जेवण टाळले तरी जाणवते. तिच्यामागे शरीराचा तालही असतो.

खरा ताण पडतो तो रात्री भट्टीपुढे, ट्रॉलरवर किंवा कॅसिनोत राबणाऱ्यांवर. मेंदूतील घड्याळ मुख्यतः उजेडाचे ऐकते, यकृतातील घड्याळ जेवणाच्या वेळेचे. त्यामुळे मध्यरात्री जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात दोन वेगळ्या वेळा चालू राहतात आणि त्याच अन्नानंतर रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक चढते.