स्वायत्त कार्यगट

स्वायत्त कार्यगट म्हणजे एक अखंड काम लहान गटाकडे सोपवून, त्या कामाची आतली वाटणी गटातल्या माणसांवरच सोडणारी कार्यरचना. मुकादमाने प्रत्येकाला सुटे काम नेमून द्यायचे आणि त्याच्या डोक्यावर उभे राहायचे, ही कारखान्यांतील जुनी वहिवाट. तिच्या नेमकी उलट अशी ही रीत आहे.

या विचाराचा उगम इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत झाला. माणसांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणीत राबलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले, की यंत्रे आल्यावर जिवाभावाच्या साथीदारांच्या जुन्या टोळ्या मोडल्या, काम पाळ्यापाळ्यांत तुटले आणि एका पाळीची कसर दुसऱ्या पाळीच्या माथी येऊ लागली. मात्र या कल्पनेची सर्वांत बोलकी कसोटी लागली ती आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई राज्यातील अहमदाबादेत.

साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलने १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवले. मुंबईच्या गिरणगावात ज्याला 'साचा' म्हणत, तोच हा माग. फक्त यात बाबीण, म्हणजे सुताची नळी, आपोआप बदलत असे. माग नवे असूनही उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेइतका वाढेना. टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले. एका खात्यात २२४ माग होते, त्यांवर २९ माणसे आणि त्यांची १२ प्रकारची कामे. विणकर वेगळा, बाबिणी भरणारा वेगळा, तुटलेला ताणा (कापडाचे उभे धागे) सांधणारा वेगळा. शिवाय माग नीट चालते ठेवणारा जॉबर, तेलवाला, झाडूवाला. घोळ असा, की प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगवेगळ्या संख्येचे होते. विणकराच्या मागांसाठी बाबिणी भरणारे एकाहून अधिक असत आणि त्या भरणाऱ्यालाही अनेक विणकरांची कामे सांभाळावी लागत. ताणा तुटून माग थांबला, तर तो कोणाचा, याला उत्तर नव्हते. माणसे आळशी नव्हती. कामाची मांडणीच त्यांना एकमेकांपासून तोडत होती.

राइस यांनी सुचवले, की सुमारे ६४ माग एका गटाकडे द्यावेत आणि त्या मागांचे सगळे काम त्याच गटाने करावे. कामगारांनी ही कल्पना चटकन आपलीशी केली. कोण कोणाबरोबर काम करणार हे त्यांनी परस्पर पसंतीने ठरवले आणि सात-सात जणांचे गट उभे राहिले. माझ्या मते या प्रयोगाचा जीव इथेच आहे: ज्याच्याशी पटते त्याच्याबरोबर काम करण्याची मुभा कारखान्यात क्वचितच मिळते. घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होते ते २० टक्क्यांवर आले. राइस यांनी हा सारा वृत्तान्त १९५८ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. पुढे स्वीडनमध्ये व्होल्वोने काल्मार येथे १९७४ मध्ये मोटारींची जुळणी गटांकडे सोपवणारा कारखाना काढला, त्यामागे हीच विचारधारा होती.

गट स्वायत्त झाला म्हणून नेतृत्वाची गरज संपत नाही. त्याची जागा बदलते. गटाला वेळेवर आणि चांगले सूत मिळते का, खात्यातील हवेचा ओलावा नीट आहे का, सुटे भाग हाताशी आहेत का, वरून अवेळी फर्माने येत नाहीत ना, हे पाहणे पर्यवेक्षकाचे काम होते. कोणी कोणत्या मागावर जायचे, हे गट बघून घेतो. हे ऐकायला सोपे वाटते, पण आयुष्यभर हुकूम सोडण्याची सवय असलेल्या माणसाला हात आवरणे अतिशय जड जाते.

टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा कॅलिकोत गेले. एका खात्यात सतरा वर्षांनंतरही गटांची पद्धत आणि कामाची पातळी जवळजवळ तशीच टिकून होती. इतर खात्यांत मात्र ती विरत जाऊन, प्रत्येकाने आपापल्या सुट्या कामापुरते पाहायचे, ही रीत बरीचशी परतली होती.