ॲरे कुठे ठेवायचा? समांतर संगणकांच्या कंपायलरपुढचा जुना प्रश्न

आयबीएमचा फोरट्रान भाषेसाठीचा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) १९५७ मध्ये आला तेव्हा मेमरी एकसलग होती. ॲरे, म्हणजे ओळी-स्तंभांतला आकड्यांचा तक्ता, स्तंभामागून स्तंभ मांडला की कुठल्याही घटकाचा पत्ता साध्या गणिताने निघे.

एकाच वेळी अनेक प्रोसेसर चालवणाऱ्या इलियाक-४ या समांतर संगणकाने हे सगळे बदलले. इलिनॉय विद्यापीठात डॅनियल स्लॉटनिक यांनी आखलेल्या या यंत्रात २५६ प्रोसेसर असायचे होते, प्रत्यक्षात ६४ बसले. प्रत्येकाला २,०४८ शब्दांची (एका शब्दात एक संख्या) स्वतःची मेमरी. ६४×६४ ची मॅट्रिक्स सरळ, म्हणजे एकेक स्तंभ एकेका मेमरीत, मांडली की आख्खी ओळ एका झटक्यात हाती येई. स्तंभ मात्र सगळाच्या सगळा एकाच मेमरीत अडके, आणि उरलेले ६३ प्रोसेसर ताटकळत. यावर तोड म्हणजे तिरकी मांडणी: प्रत्येक पुढची ओळ एक घर सरकवायची. मग ओळही मिळते, स्तंभही. कर्ण तेवढा अडतो.

१९७१ मध्ये बडनिक आणि कुक या संशोधकांनी मेमरी बँकांची (एका वेळी एकच घटक देणाऱ्या मेमरीच्या स्वतंत्र भागांची) संख्या मूळ संख्या ठेवण्याचा विचार मांडला. ४×४ च्या मॅट्रिक्सवर करून पाहा. बँका पाच घ्या आणि ओळी-स्तंभ शून्यापासून मोजा. ओळीच्या क्रमांकाची दुप्पट करून त्यात स्तंभाचा क्रमांक मिळवा, बेरजेला पाचने भागा. बाकी येईल ती बँक. मुख्य कर्णाचे घटक ०, ३, १, ४ या बँकांत जातात, टक्कर नाही. ओळी, स्तंभ, उलटा कर्ण, २×२ चे तुकडे, सगळे सुटतात! इतक्या कमी सामग्रीत इतके साधणारी कल्पना या क्षेत्रात मला दुसरी दिसत नाही. बरोज कंपनीने १६ प्रोसेसरांना १७ बँका देऊन ती यंत्रातही उतरवली. ते यंत्र ग्राहकापर्यंत पोचले नाही.

अडचण भागाकाराची. बँका १६ असल्या तर पत्त्याचे शेवटचे चार बिट पुरतात, १७ ला खरोखर भागावे लागते. क्रे-१ या महासंगणकाने (१९७६) १६ बँकाच ठेवल्या. तिथे ६४ ओळींचा ॲरे आडवा वाचला की दर वेळी तीच बँक येई, म्हणून जाणकार प्रोग्राममध्ये एक जादा धरून ६५ ओळी जाहीर करत; मग बँक दर वेळी एकाने सरके.

पुढे मेमरी वेगवेगळ्या यंत्रांत विखुरली. १९९३ च्या हाय परफॉर्मन्स फोरट्रानमध्ये ॲरेची वाटणी प्रोग्रामरने सूचनांतून सांगायची आणि यंत्रांमधली निरोपांची देवाणघेवाण कंपायलरने रचायची, असे ठरले. माझ्या मते कामाची ही विभागणी योग्य होती, पण कंपायलर तेवढे तयार नव्हते. आजच्या एनव्हिडियाच्या जीपीयूंतही (ग्राफिक्स प्रोसेसरांत) शेअर्ड मेमरीच्या, म्हणजे प्रोसेसरांच्या गटाच्या सामायिक मेमरीच्या, ३२ बँका असतात, आणि मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभांची अदलाबदल करताना टक्कर टाळायला एक स्तंभ जादा धरून ३२×३३ चा ॲरे प्रोग्रामर हातानेच लिहितो.