ख्वारिझमकरांचा हातचा

'हे अल्गोरिदमनं ठरवलं' हे वाक्य हल्ली रोज कानावर येतं. कर्ज नाकारलं गेलं, टॅक्सीचं भाडं वाढलं, नको तो व्हिडिओ समोर आला, की खापर अल्गोरिदमवर. पूर्वी ते पत्रिकेतल्या शनीवर फुटायचं. दोन्हीकडे नियम कुणी ठरवले हा प्रश्न विचारायचा राहून जातो, म्हणून मला या शब्दाची जन्मकथा सांगावीशी वाटते. अल्गोरिदम, म्हणजे एखादं काम करायच्या आखून दिलेल्या पायऱ्या, हे मुळात एका माणसाचं नाव आहे.

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी नवव्या शतकात, खलिफा अल-मामूनच्या काळात बगदादमध्ये गणित आणि खगोलशास्त्राचं काम करत. इब्न मूसा म्हणजे मूसाचा मुलगा आणि अल-ख्वारिझ्मी म्हणजे ख्वारिझमचा. हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश, आज उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानात विभागलेला. मराठी माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको. साताऱ्याचा तो सातारकर, तसे हे ख्वारिझमकर!

इंग्रजी वाचकाला मात्र या शब्दात गाव दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, अल्गोरिदमचं छोटं. नॉर्वेचा गणिती नील्स आबेल 1829 साली वयाच्या 26 व्या वर्षी गेला. त्याच्या नावावरून आलेलं 'आबेलियन' हे विशेषणही बहुतेक वेळा छोट्या अक्षरानं लिहितात. गणिती मंडळी याला मोठा मान समजतात. नाव इतकं रुळलं की ते भाषेचंच झालं.

अल-ख्वारिझ्मींनी अल्गोरिदम 'शोधला' म्हणून हे नाव पडलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मसावि काढण्याची ग्रीक गणिती युक्लिडची रीत त्यांच्या हजारेक वर्षं आधीची, आणि तीही अल्गोरिदमच. घडलं ते असं. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी सुमारे 825 साली पुस्तक लिहिलं. ते अंक भारताचे, हे त्यांनी मोकळेपणानं मांडलं. त्यासाठी आपल्याला आणखी फुगवून काही सांगायची गरज नाही. मूळ अरबी पुस्तक हरवलं. लॅटिन रूपांतर उरलं, आणि त्याची सुरुवात होते 'दिक्सित अल्गोरिझ्मी', म्हणजे 'अल्गोरिझ्मी म्हणाले' या शब्दांनी. पुढे लेखकाचं नाव रीतीलाच चिकटलं आणि अंकांनी हिशेब करण्याला 'अल्गोरिझम' म्हणू लागले. संख्येला ग्रीकमध्ये 'अरिथमॉस' म्हणतात. त्याच्या प्रभावानं शब्दाच्या शेवटी 'थम' आलं. आपण 'रिदम' म्हणतो, पण संगीतातल्या रिदमशी त्याचं काही नातं नाही.

या रीतीत एवढं काय होतं? हातचा!

युरोपातले व्यापारी तेव्हा आकडे रोमन अक्षरांत लिहीत आणि बेरीज मात्र फळीवर सोंगट्या सरकवून करत. लिहायचं एकीकडे, हिशेब दुसरीकडे. स्थानमूल्याच्या अंकांनी दोन्ही एकाच जागी आणलं. 47 आणि 38 घ्या. सात नि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. चार नि तीन सात, हातचा एक मिळवून आठ. उत्तर 85. यात एका वेळी फक्त दोन अंक आणि एक हातचा पाहावा लागतो. दोन संख्यांच्या बेरजेत हातचा एकाहून मोठा होऊच शकत नाही, कारण नऊ, नऊ आणि हातचा एक मिळून एकोणीसच होतात. म्हणून शून्यापासून नवापर्यंतच्या अंकांच्या शंभर बेरजा पाठ असल्या की पन्नास अंकी संख्याही मिळवता येतात. करणाऱ्याला हुशारी लागत नाही, हे का जमतं तेही कळावं लागत नाही. पायऱ्या ठरलेल्या, शेवट नक्की. संगणकातलं बेरजेचं सर्किट हेच करतं, फक्त शून्य आणि एक या दोनच अंकांवर. तिथेही हातचा एका जागेवरून पुढच्या जागेवर सरकतो.

कुठल्याही कामासाठी आखून दिलेल्या पायऱ्या, हा आजचा व्यापक अर्थ इंग्रजीतही सामान्य वाचकापर्यंत उशिराच पोचला. 1957 साली वेब्स्टरच्या एका प्रचलित शब्दकोशात जुना 'अल्गोरिझम'च होता, अल्गोरिदम नव्हता.

आणखी एक 'कर' इंग्रजी गणितात गेलेले आहेत : देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. 'कापरेकर रूटीन' लिहिताना पहिलं अक्षर अजून मोठंच असतं. ती रीतही अस्सल अल्गोरिदम आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, आणि जे येईल त्याला पुन्हा हेच करा. फार तर सात पायऱ्यांत 6174 येते. 1984 घेऊ. 9841 वजा 1489 म्हणजे 8352. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. पुढे 7641 वजा 1467, पुन्हा 6174. स्वतःचं जन्मवर्ष घेऊन करून पाहा. वजाबाकीतला हातचा तेवढा विसरू नका.