वेर्फेनचा किल्ला, बर्फाची गुहा आणि दोन मुक्काम : निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी वाचावं

नमस्कार.

ऑस्ट्रियाच्या सहलीसाठी नाव नोंदवलेल्या प्रत्येक कुटुंबाला आम्ही हे पत्रक देतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर येणार असतील तर त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती. गुडघ्यांचा आणि थंडीचा प्रश्न पुढे आहेच.

आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते हे : "साल्झबुर्गला राहून वेर्फेन अर्ध्या दिवसात होणार नाही का?" नकाशा पाहिला तर होईल असंच वाटतं. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, लोकल गाडीने साधारण पाऊण तास. सुरुवातीला आम्हीही तसाच कार्यक्रम आखला होता. त्या गटातल्या एका काकूंच्या पायात गुहेतून उतरताना गोळे आले, सगळ्यांनाच थांबावं लागलं, आणि किल्ल्याच्या दारात पोचलो तोवर ससाण्यांचं उड्डाण आटोपलं होतं. चूक आमच्या आखणीची होती. त्यानंतर आम्ही वेर्फेन गावातच दोन मुक्काम ठेवतो आणि त्यात काटछाट करत नाही.

किल्ला

साल्झाख नदीच्या खोऱ्यात एका बाजूला टेनेनगेबिर्गे डोंगररांगेचे उभे चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला २९४१ मीटर उंचीचा होखक्योनिग, आणि मध्ये नदीपासून सुमारे १५५ मीटर वर उठलेलं एक सुटं टेकाड. त्यावर होहेनवेर्फेन. आपल्याकडे घाटवाटांवरचे किल्ले पाहिलेल्या माणसाला ही जागा कशासाठी निवडली हे सांगावं लागत नाही. खोरं इथे आवळत जातं, वाट एकच, आणि ती वरून पूर्ण नजरेत राहते.

बांधकाम सुरू झालं १०७७ साली. बिशप कोणी नेमायचे, पोपने की राजाने, यावरून पोप सातवा ग्रेगरी आणि जर्मनीचा राजा चौथा हाइनरिश यांच्यात तेव्हा जुंपली होती. साल्झबुर्गचा आर्चबिशप, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, गेबहार्ट पोपच्या बाजूने उभा राहिला. राजाचं सैन्य चालून येणार हे ओळखून त्याने तीन जागा बांधायला घेतल्या : साल्झबुर्ग शहराच्या डोक्यावरचा होहेनसाल्झबुर्ग, दक्षिणेला फ्रीझाखचा किल्ला आणि मधला हा. म्हणजे साल्झबुर्गला तुम्ही जो मोठा किल्ला पाहून आलेले असता, त्याचं हे सख्खं भावंड.

आज दिसणारा बराचसा भाग मात्र १६व्या शतकातला आहे. १५२५ च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी किल्ला घेऊन जाळला, नंतर तो नव्याने उभा राहिला. १९३१ मध्ये पुन्हा मोठी आग लागली, पुन्हा दुरुस्ती झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र होतं आणि १९८७ पर्यंत ते चाललं.

आतला भाग वाटाड्याबरोबर पाहायचा असतो : छोटं प्रार्थनागृह, तटाच्या आतून जाणारी लाकडी गस्तीची वाट, छळाची खोली आणि शेवटी घंटेचा मनोरा. छळाच्या खोलीत मुलांना न्यायचं की नाही ते पालकांनी आधीच ठरवावं. मनोऱ्यातली घंटा १५६८ साली ओतलेली आहे. तिच्याखाली उभं राहून वरच्या तुळया नीट पाहा. एवढं वजन इतक्या उंचीवर चढवलं कसं असेल, हा प्रश्न आमच्या गटांत दरवेळी कोणीतरी विचारतंच.

एका कैद्याची गोष्टही इथे सांगायला हवी. साल्झबुर्ग शहराला आजचं देखणं रूप देण्याचं बरंचसं श्रेय ज्याला जातं, तो आर्चबिशप वोल्फ डीट्रिश. त्या काळी साल्झबुर्गचं राज्यही आर्चबिशपच चालवायचे. मिठाच्या व्यापारावरून त्याचं शेजारच्या बव्हेरियाशी बिनसलं. १६११ मध्ये त्याने बेर्खतेसगाडेन या शेजारच्या मिठाच्या मुलखावर सैन्य पाठवलं, बव्हेरियाने उलट चढाई केली, तो पळताना पकडला गेला आणि आधी याच वेर्फेनच्या किल्ल्यात कोंडला गेला. पुढे त्याला होहेनसाल्झबुर्गला नेलं. तिथेच कैदेत १६१७ साली त्याचा मृत्यू झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ते मीठ निघायचं ती खाण आपण दुसऱ्या दिवशी पाहणार आहोत.

आता ससाणे. किल्ल्याच्या आवारात शिकारी पक्ष्यांचं केंद्र आहे. तटाखालच्या हिरवळीवर बसलं की ससाणे, गरुड, गिधाडं सोडली जातात. पक्षी आधी खोऱ्यावर इतका दूर जातो की दिसेनासा होतो. मग पाळणारा चामड्याचा मोजा घातलेला हात वर करतो, आणि पक्षी लोकांच्या डोक्यांवरून इतक्या खालून परततो की पंखांचा वारा केसांना लागतो. त्या वेळी उठून उभं राहू नका, खाण्याचं काही हातात धरू नका. उड्डाणांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आम्ही किल्ल्याची वेळ त्यांना धरूनच लावतो. वर जायला तिरक्या रुळांवरची लिफ्ट आहे. पण पाय धड असतील तर झाडीतून वीसेक मिनिटं चालत चढावं असं आमचं मत आहे. दरवाज्यामागून दरवाजा कसा लागतो ते चालतानाच कळतं.

बर्फाची गुहा

हिच्यासाठी आम्ही सकाळ राखून ठेवतो.

आइसरीझेनवेल्ट ही जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा मानली जाते. एकूण लांबी ४२ किलोमीटरहून जास्त, पण बर्फ आहे तो तोंडाकडच्या साधारण एक किलोमीटरमध्ये, आणि आपण तेवढाच भाग पाहतो. अंटोन पोसेल्ट १८७९ साली पहिल्यांदा थोडा आत शिरला होता. खरा शोध घेतला तो अलेक्झांडर फॉन म्योर्क या तरुणाने, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर. १९१४ मध्ये तो युद्धात मारला गेला. त्याच्या रक्षेचा कलश याच गुहेत ठेवलेला आहे, आणि त्या दालनाला त्याचंच नाव आहे. आमचे लोक तिथे आपसूक हात जोडतात.

बर्फ उन्हाळ्यातही का वितळत नाही? गुहेला खाली एक तोंड आणि वर डोंगरात अनेक भेगा आहेत, चुलीच्या धुराड्यासारख्या. हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते, ती वरून निघून जाते आणि खालच्या तोंडातून बाहेरची गोठवणारी हवा आत ओढली जाते. तोंडाकडचा खडक शून्याच्या खाली जातो. वसंतात वरचं बर्फ वितळून पाणी भेगांतून झिरपतं आणि त्या गार खडकावर येऊन गोठतं. उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा उलटते : आतली थंड हवा खालच्या दारातून जोराने बाहेर येते. म्हणून दार उघडल्याबरोबर झोत अंगावर येतो आणि हातातले दिवे विझतात. घाबरू नका, आत गेल्यावर ते पुन्हा पेटवून देतात.

हो, दिवेच. आत विजेची रोषणाई नाही. काहीजणांच्या हातात कार्बाइडचे दिवे देतात, पूर्वी आपल्याकडे जत्रेत, आठवडी बाजारात लावायचे तसे. आमच्या गटातल्या साठीपुढच्या मंडळींना तो वास लगेच ओळखू येतो. मोठ्या बर्फखांबांपाशी वाटाड्या मॅग्नेशियमची पट्टी पेटवतो, आणि काही क्षण सगळं दालन निळसर पांढरं होऊन उजळतं. आत फोटो काढायला बंदी आहे. मोबाइल खिशातच ठेवा.

आता पायांचं. वाहनतळापासून साधारण वीस मिनिटं चढ, मग दोरवाहिनी, तिथून पुन्हा वीसेक मिनिटं चढ, तेव्हा १६४० मीटरच्या आसपासचं तोंड येतं. आत सुमारे ७०० पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. मधूनच परत फिरता येत नाही, गटाबरोबर पूर्ण फेरी करावीच लागते, आणि तिला सव्वा तास लागतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, तर कृपया नोंदणीच्या वेळीच सांगा. लपवू नका. अशा मंडळींसाठी आम्ही सकाळी किल्ला आणि गावातली निवांत फेरी ठेवतो, बरोबर आमचा माणूस असतो. कडेवरच्या बाळांना गुहेत नेऊ नये, असं आमचं स्पष्ट सांगणं आहे.

बाहेर जून महिना असला तरी आत तापमान शून्याच्या आसपास असतं. स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि रबरी तळव्याचे बंद बूट. साडी नेसणाऱ्या आजींनी त्या दिवसापुरती सलवार किंवा पँट घालावी. पायऱ्या ओल्या असतात आणि एक हात कठड्यावर ठेवावा लागतो.

दुसरा दिवस

याच रेल्वेमार्गावर उत्तरेला हालाइन आणि दक्षिणेला सांक्ट योहान. हालाइनजवळच्या ड्युर्नबेर्ग डोंगरात केल्ट लोक अडीच हजार वर्षांपूर्वी मीठ खणत होते. साल्झबुर्ग या नावातलं 'साल्झ' म्हणजे मीठच. आर्चबिशपांचे राजवाडे त्याच पैशांवर उभे राहिले. खाण १९८९ मध्ये बंद झाली, आता फक्त पाहुण्यांसाठी आहे. अंगावर पांढरा झगा चढवून आत जायचं, खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंडीवरून खाली यायचं, भूमिगत खाऱ्या तळ्यात नावेतून फिरायचं. जमिनीखालीच ऑस्ट्रियाची हद्द ओलांडून जर्मनीत जाऊन यायचं, हे मुलांना फार आवडतं. आजीआजोबांनाही इथे जमतं. घसरगुंडी नको असेल तर बाजूला जिना आहे.

सांक्ट योहानची लिश्टेनश्टाइनक्लाम ही घळ वेळ उरला तरच. सुमारे ३०० मीटर खोल कडे, तळाशी घोंघावणारं पाणी, आणि २०२० पासून खाली उतरायला मोठा गोल जिना. पाऊस असेल तर आम्ही ती सरळ सोडून देतो.

खाणं आणि तारखा

शाकाहारी मंडळींनी सुपाबद्दल सावध राहावं. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं 'फ्रिटाटेनझुपे' दिसायला साधं असतं, पण त्याचं पाणी बहुधा गोमांसाचं. 'काजनॉकन' हे चीजमध्ये परतलेल्या पिठाच्या गोळ्यांचं इथलं डोंगराळ जेवण पोटभर आणि चविष्ट आहे, मात्र पिठात अंडं असतं. अंडंही न खाणाऱ्यांसाठी आम्ही बरोबर थेपले, मेतकूट आणि झटपट पोहे ठेवतो. नळाचं पाणी निर्धास्त प्यावं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा औषधं आणि फळं शनिवारीच घेऊन ठेवा.

गुहा साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक वेळा ती मिळत नाही. मेच्या सुरुवातीला उंचावर बर्फ असू शकतो. शाळकरी मुलं असतील तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा, नसतील तर सप्टेंबर, हे आमच्या मते उत्तम दिवस. शेंगेन व्हिसाच्या भेटीच्या तारखा उन्हाळ्याआधी लवकर भरतात. पासपोर्टची मुदत आजच तपासा, आणि प्रत्येकाच्या पायांची, श्वासाची माहिती सोबतच्या पिवळ्या कागदावर लिहून आमच्याकडे द्या.