‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ : भाषाविज्ञानाच्या एम.ए. प्रवेशाच्या अटी कुठून आल्या

एम.एस्सी. भौतिकशास्त्राला जायचं तर बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र हवं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाषाविज्ञानाच्या एम.ए.चं माहितीपत्रक उघडलं की मात्र पात्रतेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच ओळ दिसते : कोणत्याही शाखेची पदवी. वाणिज्य चालतं, अभियांत्रिकी चालते, नर्सिंगही चालतं. ‘जागा भरत नसतील म्हणून’ असं पालक म्हणतात. या ओळीमागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो कळला की प्रवेश परीक्षेत नेमकं काय तपासतात तेही कळतं.

सुरुवातीला दार एवढं उघडं नव्हतं. मुंबई विद्यापीठात जॉन विल्सन यांच्या नावाने भाषाशास्त्रीय व्याख्यानमाला होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तिच्यात १८७७ साली संस्कृत आणि तिच्यातून आलेल्या भाषांवर व्याख्यानं दिली. पुढे १९१४ मध्ये भारतीय भाषांचे इंग्रज अभ्यासक राल्फ टर्नर त्याच व्यासपीठावर आले. ही व्याख्यानं होती, पदवी अभ्यासक्रम नव्हे. त्यामुळे प्रवेशाच्या अटीचा प्रश्नच नव्हता. पण ऐकणाऱ्याला संस्कृत येतं हे गृहीत होतं आणि हीच पहिली, न लिहिलेली अट. कलकत्ता विद्यापीठात कुलगुरू आशुतोष मुखर्जींच्या काळात १९०७ साली तुलनात्मक भाषाशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तिथेही ध्वनिपरिवर्तनाचे नियम शिकायचे ते संस्कृत, अवेस्ता, ग्रीक, लॅटिन शेजारी ठेवून. संस्कृत कच्चं असलेल्याचा तिथे निभाव लागणं कठीण.

तरीही त्याच विभागातलं सर्वांत मोठं नाव, सुनीतिकुमार चटर्जी, १९१३ साली एम.ए. झाले ते इंग्रजीत. भाषाविज्ञानाची माणसं दुसऱ्या विषयांतून येतात, ही रीत एवढी जुनी आहे.

मराठीत ‘भाषाशास्त्र’ आणि ‘भाषाविज्ञान’ हे दोन शब्द अजून सरमिसळ वापरले जातात. पहिला साधारण जुन्या, ऐतिहासिक-तुलनात्मक अभ्यासाकडे झुकतो, दुसरा नव्या, वर्णनात्मक अभ्यासाकडे. माहितीपत्रकात कोणताही शब्द असला तरी आजचा अभ्यासक्रम दुसऱ्या प्रकारचा असतो. व्युत्पत्तीच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या सत्रात निराशा होते ती इथेच : शब्दांच्या गोष्टी ऐकायला तो आलेला असतो आणि समोर वाक्यरचनेच्या झाडासारख्या आकृत्या येतात.

हा बदल भारतात जिथे घडला ती जागा पुण्याची. डेक्कन कॉलेज १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा म्हणून सुरू झालं, पुढे येरवड्याला गेलं, १९३४ मध्ये सरकारने बंद केलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या झगड्यानंतर १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पदवीचे वर्ग गेले ते गेलेच. ही गोष्ट बारीक वाटते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे : महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचं मुख्य केंद्र उभं राहिलं ते ज्या आवारात बी.ए. शिकवलंच जात नव्हतं तिथे. कलकत्त्याला तुलनात्मक भाषाशास्त्र शिकवून आलेले इराच तारापोरवाला काही काळ या संस्थेचे संचालक होते. त्यांच्यानंतर आले सुमित्र मंगेश कत्रे, लंडनला टर्नरांकडे घडलेले आणि कोकणीच्या घडणीवर काम केलेले. १९४२ ते १९७१ असा त्यांचा कार्यकाळ.

मे १९५३ मध्ये कत्र्यांनी डेक्कन कॉलेजात भाषातज्ज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरवली. तिच्यातून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर भाषा प्रकल्प उभा राहिला. १९५४ पासून उन्हाळी आणि शरद शाळा भरू लागल्या, आधी पुण्याला आणि मग देशात इतरत्र. शिकवायला अमेरिकन भाषावैज्ञानिक होते आणि नव्या पद्धतीत तयार झालेले भारतीयही. शिकायला मात्र संस्कृतचे अध्यापक, तमिळ-हिंदी-मराठीचे प्राध्यापक, इंग्रजी शिकवणारे असे सगळे. पद्धत अशी की अनोळखी भाषा बोलणारा माणूस समोर बसवायचा, त्याचे उच्चार ध्वनिलिपीत उतरवायचे, कोणत्या ध्वनीने अर्थ बदलतो आणि कोणत्याने नाही हे लावायचं, मग शब्दांचे तुकडे पाडायचे. समोरची भाषा मुंडारीसारखी, संस्कृतशी नातं नसलेली आदिवासी भाषा असली तर संस्कृतचा पंडित आणि कालचा पदवीधर एकाच पाटावर. भाषाविज्ञानाची प्रवेशाची अट खऱ्या अर्थाने इथे बदलली. काय वाचून आलात यापेक्षा समोरच्या सामग्रीतून नियम काढता येतो का, हे महत्त्वाचं ठरलं.

त्या शाळांतून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढच्या दशकात विद्यापीठांतले विभाग चालवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने साठच्या दशकात या विषयाची प्रगत केंद्रं दोन ठिकाणी मंजूर केली, डेक्कन कॉलेज आणि अण्णामलै. १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्था आली. एम.ए.चे वर्ग वाढले, बी.ए.चे वाढले नाहीत. अलीगढ, बनारस अशी मोजकी विद्यापीठं सोडली तर पदवीला हा विषय मिळत नाही. कारण पैशाचं आणि पदांचं आहे. संलग्न महाविद्यालयात एखादा विषय सुरू करायचा तर मान्यताप्राप्त पद लागतं. पद हवं तर विद्यार्थिसंख्या दाखवावी लागते. बारावीपर्यंत नावही न ऐकलेल्या विषयाला विद्यार्थी कुठून येणार? म्हणून भाषाविज्ञान एम.ए. मराठी, एम.ए. हिंदी, एम.ए. इंग्रजीतल्या एखाद्या प्रश्नपत्रिकेत शिरलं आणि तिथेच राहिलं. बी.ए. भाषाविज्ञान ही अट घालायची म्हटली तर वर्गात माणसंच नसतील.

टक्केवारीची अट वेगळ्या वाटेने आली. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के आणि राखीव गटांना सवलत, असं साधारण चित्र दिसतं. काही ठिकाणी ४५, काही ठिकाणी नुसतं उत्तीर्ण. हा ज्या त्या विद्यापीठाच्या अध्यादेशाचा प्रश्न आहे आणि तो दरवर्षी ताजा वाचावा. खरी जड अट बाहेर पडताना असते. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, सुरू झाली आणि तिच्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना ५०). ५२ टक्क्यांनी एम.ए. झालेला खुल्या गटातला विद्यार्थी पदवीधर असतो, पण नेटला बसू शकत नाही. पहिलं सत्र ‘बघू जमतंय का’ म्हणून घालवणाऱ्यांचं गणित इथे चुकतं. पहिल्या सत्राचे गुण शेवटच्या बेरजेत येतातच.

पदवी चाळणी लावत नाही म्हटल्यावर चाळणी परीक्षेने लावायची. जुनी पद्धत लेखी परीक्षा आणि मुलाखत. लेखीत भाषाविज्ञानाच्या व्याख्या विचारून उपयोग नसतो, कारण त्या कुणी शिकलेलंच नसतं. म्हणून कोडी येतात. एक मराठीतलंच घ्या. वीट–विटा, जीभ–जिभा, फूल–फुलं, मूल–मुलं : अनेकवचनात पहिला स्वर ऱ्हस्व होतो. मग गीत–गीतं, सूत्र–सूत्रं इथे का होत नाही? ‘अपवाद’ असं लिहून मोकळा होणारा विद्यार्थी आणि ‘न बदलणारे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत, त्यांचा गट वेगळा धरावा लागेल’ असं म्हणणारा विद्यार्थी, यांच्यातला फरक परीक्षकाला हवा असतो. दुसरं उदाहरण चिंच–चिंचा आणि भिंत–भिंती. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. इथे शब्दाचं रूप पाहून अनेकवचन सांगता येत नाही, ते शब्दागणिक लक्षातच ठेवावं लागतं. हे मान्य करणं हेही उत्तर असतं. ओढूनताणून नियम बसवला की गुण जातात.

सर्वांत जास्त घसरण होते ती लिपीवरून. ‘चार माणसं’ आणि ‘गुरं चार’ यांतला च एकाच अक्षराने लिहितात, पण जीभ दोन वेगळ्या ठिकाणी लागते आणि तेवढ्यानेच अर्थ बदलतो. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ यांतल्या ज चं तेच. ‘मराठीत च हे अक्षर किती प्रकारे उच्चारलं जातं?’ या प्रश्नाला ‘एकच, देवनागरी जशी बोलतो तशी लिहितो’ असं उत्तर मराठीचे चांगले विद्यार्थीही देतात. शुद्धलेखनात पक्का असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण त्याचा कान अक्षरांच्या ताब्यात गेलेला असतो. गणित किंवा संगणकाकडून आलेली मुलं या कोड्यांत बऱ्यापैकी टिकतात. ती अडखळतात ते निबंधवजा उत्तरात.

बहुपर्यायी परीक्षा आल्यावर हे सगळं बदललं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने आपली प्रवेश परीक्षा २०१९ मध्ये संगणकावर, पर्यायी प्रश्नांची केली. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी पदव्युत्तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आली. आधी १०० प्रश्न असत, त्यातले २५ सामान्य आणि ७५ विषयाचे. २०२४ पासून सामान्य भाग वगळून ७५ प्रश्न राहिले. २०२५ मध्ये वेळ ९० मिनिटं होती. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १, एकूण ३००. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलं तर सरासरी पाव गुण हाती लागतो, आणि दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दीड. म्हणजे कोरं सोडण्यात फायदा नाही. पण या स्वरूपात तर्क दाखवायला जागा उरली नाही आणि विषयाच्या संज्ञा मात्र शिरल्या : स्वनिम (अर्थ बदलणारा ध्वनी), रूपिम (शब्दाचा सर्वांत लहान अर्थपूर्ण तुकडा), भाषाकुलं, कोणती संकल्पना कुणाची. विषय आधी शिकलेला असण्याची अट कागदावर नाही, प्रश्नपत्रिकेत आहे. माझ्या मते ही पीछेहाट आहे. पन्नासच्या दशकात मोठ्या प्रयासाने उघडलेलं दार पाठांतराने थोडं लोटून घेतलं गेलं.

तयारीला म्हणून दोन भाग करावेत. संज्ञा आणि नावं यांना महिनाभर पुरतो. सामग्रीवरची कोडी रोज एक-दोन, कागदावर, तीन-चार महिने सोडवावीत. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली आपल्या भाषेला लागणारी चिन्हं आधी घ्यावीत, सगळा तक्ता एकदम नको. आयआयटीसारख्या तंत्रसंस्थांकडे नजर असेल तर गेट या त्यांच्या पदव्युत्तर पात्रता परीक्षेच्या मानव्यविद्या प्रश्नपत्रिकेत २०२१ पासून भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे तर्क आणि आकलनाचा भाग सर्वांना सक्तीचा असतो.

महाराष्ट्रातून केंद्रीय विद्यापीठांत जाणाऱ्यांचे अर्ज अडकतात ते बहुधा अभ्यासाबाहेरच्या गोष्टींवर. सीयूईटी दिली म्हणजे अर्ज झाला असं नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती मुदत थोडक्या दिवसांची असते. इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो; राज्याच्या नमुन्यातला परत येतो. भटक्या-विमुक्तांचा गट केंद्रात स्वतंत्र नाही, जात केंद्रीय ओबीसी यादीत असेल तर त्या गटातून अर्ज करायचा. सीजीपीएचे टक्के स्वतःच दहाने गुणून भरू नयेत. आपल्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या पत्रात असतं आणि पडताळणीत तेच धरतात. राज्यातल्या राज्यात विद्यापीठ बदलतानाही स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. डेक्कन कॉलेजला १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९९४ पासून ते स्वतःच्या पदव्या देऊ लागलं, त्यामुळे पुणे विद्यापीठातून तिथे जाणं हेही विद्यापीठ बदलणंच.

आता ताजा बदल. अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा दिला त्यात म्हटलं आहे की पदवीचा मुख्य विषय कोणताही असो, राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्या विषयात उत्तीर्ण केली तर कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेश घेता येईल. भाषाविज्ञानात जे नाइलाजाने आणि थोडं हेतुपूर्वक सत्तर वर्षं चाललं, ते आता सगळ्या विषयांसाठी लिहिलं गेलं.

त्याच आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम.ए. आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची एम.ए. अशी सोय आहे. महाराष्ट्राच्या रचनेत दोन वर्षांना ८८ श्रेयांक (क्रेडिट), एका वर्षाला ४४. अडचण उघड आहे. ध्वनिविचार, रूपविचार, वाक्यविचार यांचा पाया आजवर एम.ए.च्या पहिल्या वर्षात घातला जायचा, कारण तो पदवीला कुठेच घातला जात नव्हता. चार वर्षं इतिहास शिकून आलेला विद्यार्थी ४४ श्रेयांकांत हा पायाही रचेल आणि संशोधन प्रकल्पही करेल, हे होणारं नाही. तेव्हा चार वर्षांची पदवी हातात असलेल्याने फॉर्म भरण्याआधी माहितीपत्रकात एक गोष्ट शोधावी : एक वर्षाच्या प्रवेशाला भाषाविज्ञान मुख्य किंवा दुय्यम विषय म्हणून मागितलं आहे का. मागितलं नसेल तर विभागात फोन करून पहिल्या सत्रात नेमकं काय शिकवतात ते विचारावं, आणि पायाचे विषय नसतील तर दोन वर्षांचाच अर्ज भरावा.