पिसदुऱ्याचं शेण आणि गवताचं वय

डायनासोरचा जीवाश्म म्हटला की डोळ्यांसमोर हाडांचा सांगाडा येतो. शाकाहारी डायनासोरांच्या पोटात काय जात होतं, हे मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेणाने सांगितलं. वरोरा तालुक्यातलं हे गाव जगभरच्या जीवाश्म-अभ्यासकांना ठाऊक आहे, पण विदर्भातल्याच कितीतरी जणांना त्याची गंधवार्ता नाही, याची मनापासून खंत वाटते.

सुरुवात हाडांपासूनच झाली. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन आपल्याला माहीत असतो. त्यालाच १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर अवाढव्य मणके मिळाले. ‘डायनासोर’ हा शब्दही तेव्हा नव्हता; तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये घडवला. मणके हस्ते-परहस्ते कोलकात्याला पोचले आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरने त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं नाव ठेवलं. लांब मानेचा, लांब शेपटीचा, झाडपाला ओरबाडणारा प्राणी.

दरम्यान नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप पिसदुऱ्याला पोचले होते. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पिसदुऱ्याची हाडं त्यांनी जमवली, पण १८६३ मध्ये बुडून त्यांचा अंत झाला. हाडांसोबत दगड झालेले शेणाचे गोळेही तिथे विखुरलेले होते. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांची आकारावरून प्रतवारी लावली. मोठे गोळे टायटॅनोसॉरांच्या हाडांजवळ मिळत, म्हणून ते त्यांचेच मानले गेले. हे सगळं लॅमेटा थरातलं, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाखालचं, साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचं.

खरी कमाल २००५ मध्ये झाली. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवताचं पातं उलटं ओढलं तर बोट कापतं. ती धार सिलिकाची. मुळं मातीतून सिलिका ओढतात, ती पेशींमध्ये साठून कणाकणाने घट्ट होते आणि पेशीचा आकार धरते. हे कण पोटात पचत नाहीत, पान कुजलं तरी उरतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचं कूळ ओळखता येतं. पिसदुऱ्याच्या शेणात असे निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले.

तोवर गवताचे खात्रीचे जीवाश्म होते ते डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले. त्यामुळे डायनासोरच्या चित्रात गवत काढणं चूक मानलं जाई. पिसदुऱ्याने गवताचं वय मागे ढकललं. अर्थात हे प्राणी निव्वळ गवतावर जगत नव्हते. शेणात ताडाच्या जातीची झाडं, सूचिपर्णी आणि इतर झाडोराही आहे, गवत त्यात थोडंच. पण त्या थोड्यातले काही कण भात आणि बांबूच्या कुळांशी नातं सांगतात. आज पूर्व विदर्भात धानाच्या बांध्या पसरल्या आहेत आणि बांबूची रानं आहेत. त्यांचे पूर्वज याच भूमीवर टायटॅनोसॉरांच्या तोंडी पडत होते.