जंत आणि अंकुशकृमी: गोळी एकच, वाट वेगळी

पोर पोट धरून बसलं की आजी म्हणते, "गूळ लय खाल्ला, जंत झाले." गुळानं जंत होत नाहीत. शिवाय ‘जंत’ या एका शब्दात आपण दोन वेगळे जीव कोंबतो.

गोल जंत गांडुळासारखा, १५ ते ३५ सेंटीमीटर लांब. कधीमधी शौचातून पडतो, म्हणून घरभर बोभाटा होतो. मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि तोंडावाटे पोटात जातात: न धुतलेला सांभार (कोथिंबीर), वावरातून उपटून तसाच खाल्लेला मुळा, मातीचे हात. इथं साबण-पाणी कामी येतं. (रात्री गुदद्वाराला खाज सुटते ती बहुतेक तिसऱ्याच, सुतासारख्या कृमीमुळे.)

अंकुशकृमी जेमतेम १ सेंटीमीटरचा. तो दिसत नाही, म्हणून त्याचं कोणी नावही घेत नाही. मला तोच जास्त लबाड वाटतो. उघड्यावरच्या शौचातली त्याची अंडी ओल्या, सावलीच्या मातीत फुटतात आणि अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, मग गिळल्या जाऊन आतड्यात. तिथं चिकटून रक्त पितात, वर्षानुवर्षं. पावसाळ्यात निंदायला गेलेली बाई म्हणते, "चिखलानं पाय खाजून राहिले." काही महिन्यांनी तिलाच बैलबंडीमागं चालताना दम लागतो, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसतात. हात कितीही धुतले तरी हा थांबत नाही. पायात चप्पल हवी, आणि संडास वापरात हवा.

पण आपल्याकडे सिकलसेलही आहे, म्हणजे रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिन कमी निघालं की सगळं खापर कृमीवर फोडू नये. शौच आणि रक्त दोन्ही तपासावं.

औषध मात्र दोघांना तेच: अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. अंकुशकृमीनं रक्त कमी झालं असेल तर लोहाच्या गोळ्याही लागतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत ही गोळी मिळते, पण ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. वावरात अनवाणी राबणारी त्यांची माय त्यात येत नाही. तिनं प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतःहून शौचतपासणी मागावी, आणि दिवस गेले असतील तर आधी सांगावं. पहिल्या ३ महिन्यांत ही गोळी देत नाहीत.